बुडाले तर भरायचे कोणी? – सागरी परिभाषेचे अर्थशास्त्र

(दिल्ली येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



दिल्लीतून समुद्र दिसत नाही. तरीही या महानगराचा समुद्राशी असलेला संबंध मुंबईइतकाच घट्ट आहे. संसद मार्गावरील परिवहन भवनातून देशाच्या बंदरांचा आणि जहाजवाहतुकीचा कारभार चालतो. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचे मुख्यालय नोएडात आहे. तुघलकाबाद आणि दादरी येथील आगारांतून निर्यातीच्या मालाचे डबे रेल्वेने बंदरांकडे रवाना होतात. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने एकापाठोपाठ एक अशी पाच सागरी विधेयके मंजूर केली. १८५६ चा बिल्स ऑफ लेडिंग कायदा, १९०८ चा बंदरे कायदा, १९२५ चा सागरी मालवाहतूक कायदा आणि १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा यांच्या जागी नवे कायदे आले. किनारी जहाजवाहतुकीसाठीही स्वतंत्र कायदा झाला.

परीक्षार्थी या कायद्यांची नावे आणि वर्षे पाठ करतात. कायद्यांच्या कलमांत येणारे शब्द मात्र बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. ड्राफ्ट, टनेज, लिस्ट, फ्लॅग, जनरल ॲव्हरेज, बिल ऑफ लेडिंग हे शब्द खलाशांच्या बोलीतले, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांचे काय, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः यांतील बरेचसे शब्द एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी घडले आहेत. समुद्रात माल बुडाला, जहाज फुटले, माणूस मेला, तर नुकसान कोणाच्या खात्यावर पडावे, हा तो प्रश्न होय. मराठीने ही गोष्ट आपल्या परीने ओळखली आहे. बँकेच्या वसूल न होणाऱ्या कर्जाला आपण ‘बुडीत’ म्हणतो, तो शब्द पाण्यातूनच ताळेबंदात आला.

दर्यावर्दींचा शब्दसंग्रह

मराठीला सागरी शब्दांची वाण नाही. शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्हे. गलबत, गुराब, मचवा, पडाव. नाखवा, तांडेल, सारंग, खलाशी. यांतले काही शब्द फारसी-अरबी व्यापाऱ्यांबरोबर आले, काही इथलेच. देवघेव एकतर्फी नव्हती. इंग्रजीतील ‘डिंगी’ हा शब्द आपल्या डिंगीवरून गेला आणि ‘कॅटॅमरान’ तमिळ कट्टुमरम्‌वरून. कोकणातील कोळ्याला अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांतील फरक पंचांगाशिवाय कळतो. विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थ्याला ‘नांगर’ म्हटले की शेत आठवते, रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला समुद्राचा तळ. एकच शब्द एका ठिकाणी जमीन उकरतो आणि दुसऱ्या ठिकाणी जहाज रोखून धरतो.

परंतु आज कायद्यात आणि करारांत चालणारी परिभाषा प्रामुख्याने इंग्रजी आहे. तिच्या प्रत्येक शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा त्यामागचा व्यवहार समजून घेणे अधिक उपयुक्त ठरते.

उजवे, डावे आणि कललेले

जहाजावर ‘उजवीकडे’ म्हणून भागत नाही. पुढे तोंड करून उभ्या असलेल्याची उजवी बाजू ही मागे तोंड केलेल्याची डावी होते. म्हणून जहाजाच्या नाळेकडे तोंड करून जी उजवी, ती कायमची स्टारबोर्ड आणि जी डावी, ती पोर्ट. जुन्या युरोपीय नौकांचे सुकाणूचे वल्हे उजव्या अंगाला असे, त्यावरून स्टारबोर्ड. ते वल्हे धक्क्याला घासू नये म्हणून नौका डाव्या अंगाने बंदराला लावीत, त्यावरून पोर्ट. डाव्या बाजूसाठी पूर्वी ‘लारबोर्ड’ हा शब्द होता. वाऱ्यावादळात दोन्ही शब्द कानाला सारखेच लागत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये तो बाद केला. रात्री स्टारबोर्डला हिरवा आणि पोर्टला तांबडा दिवा असतो. यंत्रावर चालणाऱ्या दोन नौकांचे मार्ग एकमेकींना छेदत असतील, तर जिला दुसरी नौका आपल्या स्टारबोर्डला दिसते तिने वाट द्यावी, असा १९७२ च्या टक्करप्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांचा दंडक आहे. वाट कोणी द्यायची होती, यावरच टक्करीनंतरच्या दाव्यात दोषाची वाटणी ठरते.

कलण्यासाठीही तीन वेगळे शब्द आहेत. वाऱ्याने किंवा वळण घेताना जहाज तात्पुरते कलते, तो हील. आतील वजन एका अंगाला सरकल्याने किंवा पाणी शिरल्याने ते कललेलेच राहते, ती लिस्ट. पुढच्या आणि मागच्या टोकाच्या बुडण्यातील फरक म्हणजे ट्रिम. हीलला खलाशी घाबरत नाही; लिस्टला घाबरतो.

२४ मे २०२५ रोजी विझिंजमहून कोचीकडे निघालेले एमएससी एल्सा-३ हे जहाज स्टारबोर्डला सुमारे २६ अंशांनी कलल्याचे वृत्त आले, तेव्हा जाणकारांना पुढचे कळून चुकले. दुसऱ्या दिवशी ते ६४० कंटेनरांसह बुडाले. सर्व २४ कर्मचारी वाचले. काही कंटेनरांत घातक रसायने होती आणि जहाजाच्या टाक्यांत इंधन तेल. प्लास्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले आणि मच्छीमारांचा धंदा बसला. हे उदाहरण पुढे पुन्हा येणार आहे, कारण त्याच्या दाव्यात सागरी परिभाषेतील निम्मेअधिक शब्द एकत्र आले आहेत.

टन वजनाचा की आकाराचा?

परीक्षेत सर्वाधिक चुका ज्या शब्दाने होतात तो म्हणजे टनेज. हा शब्द ‘टन’ नावाच्या दारूच्या मोठ्या पिंपावरून आला. जहाजात अशी किती पिंपे मावतात, त्यावर जकात बसे. म्हणजे मुळात हे माप जागेचे आहे, वजनाचे नव्हे. आजही ग्रॉस टनेज, अर्थात सकल टनभार, हा जहाजाच्या सर्व बंदिस्त जागेच्या घनफळावरून १९६९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरविलेल्या सूत्राने काढतात. डेडवेट मात्र खरोखरचे वजन होय. माल, इंधन, पाणी, शिधा आणि माणसे मिळून जहाज किती भार वाहू शकते, तो आकडा. तिसरा शब्द डिस्प्लेसमेंट. जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचे, म्हणजेच भारासह सबंध जहाजाचे वजन.

सुएझ कालव्यात अडकून गाजलेले एव्हर गिव्हन घेऊ. त्याचा सकल टनभार सुमारे २ लाख २० हजार, डेडवेट जवळपास २ लाख टन आणि डिस्प्लेसमेंट २ लाख ६५ हजार टनांच्या घरात. एकाच जहाजाचे हे तीन आकडे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. कंटेनर जहाज पोकळ आणि अवाढव्य असल्याने त्याचा सकल टनभार डेडवेटहून मोठा दिसतो. तेलवाहू जहाजाचे उलटे असते. दोन देशांच्या ताफ्यांची तुलना करताना एकाचा सकल टनभार आणि दुसऱ्याचे डेडवेट घेतले, तर निष्कर्ष फसतो; अशी तुलना चांगल्या म्हणविणाऱ्या मार्गदर्शिकांतही आढळते.

या मापांवर पैसा ठरतो. २००४ मध्ये भारताने टनेज कर आणला. त्यात जहाज कंपनीचा प्रत्यक्ष नफा न पाहता जहाजाच्या निव्वळ टनभारावरून मानीव उत्पन्न काढून त्यावर कर बसतो. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ही सवलत अंतर्देशीय जहाजांनाही दिली. आणि सकल टनभाराचे दुसरे, फारसे न बोलले जाणारे काम असे की अपघातानंतर जहाजमालकाच्या दायित्वाची कमाल मर्यादा त्यावरूनच ठरते. नुकसान कितीही होवो, मालकाला आपले देणे जहाजाच्या आकाराने बांधून घेता येते. मर्यादा नसती तर इतके भांडवल समुद्रात कोणी घातले नसते, हा या तरतुदीमागील युक्तिवाद होय. तो चुकीचा नाही. मात्र मर्यादेपलीकडचे नुकसान नाहीसे होत नाही. ते किनाऱ्यावरच्या कोणाच्या तरी अंगावर पडते.

एका रेषेची कथा

जहाजाचा जो भाग पाण्याखाली जातो त्याची खोली म्हणजे ड्राफ्ट. पाण्याच्या पातळीपासून मुख्य डेकपर्यंतची उंची म्हणजे फ्रीबोर्ड. भार वाढला की ड्राफ्ट वाढतो, फ्रीबोर्ड घटतो आणि लाटेला आत यायला तेवढी कमी चढण उरते.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये जुनी, खिळखिळी जहाजे गळ्यापर्यंत भरून समुद्रात सोडली जात. त्यांचा विमा खऱ्या किमतीहून मोठा असे. पोचले तर जास्तीच्या मालाचे भाडे, बुडाले तर विम्याची रक्कम. मालकाला दोन्हीकडून लाभ. तोटा फक्त खलाशाचा. लोक या जहाजांना ‘शवपेट्या’ म्हणत. अर्थशास्त्रात ज्याला नैतिक जोखीम म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. सॅम्युएल प्लिम्सॉल या खासदाराने याविरुद्ध मोहीम उघडली. त्याच्या आग्रहामुळे १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगविणे सक्तीचे केले. गंमत अशी की ती रेषा नेमकी कोठे काढायची हे कायद्याने मालकावरच सोडले होते! रेषेची जागा शास्त्रीय नियमाने निश्चित व्हायला १८९० साल उजाडले. नियमन कागदावर येणे आणि त्यात दात बसणे यांत चौदा वर्षे गेली.

आज जहाजाच्या मध्यभागी वर्तुळाला छेदणारी रेषा आणि तिच्या बाजूला लहान रेषांची शिडी दिसते. गोड्या पाण्याची घनता कमी, त्यामुळे त्यात जहाज अधिक बुडते. त्याची रेषा वर. उष्ण कटिबंधातील शांत समुद्रासाठी थोडी खाली, हिवाळ्यासाठी आणखी खाली. हंगामाप्रमाणे धोका मोजण्याची ही रीत कोकणाला नवी नाही. आगोट लागली की होड्या वर ओढून शाकारण्याची रीत तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी याच हंगामातली, पण तिचे कारण सुरक्षेबरोबरच माशांच्या विणीचेही आहे.

लहान बोटींना ही शिडी नसते. त्यांच्या परवान्यावर प्रवाशांची संख्या असते. तिचे कामही तेच. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून १५ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा बोटीवर परवान्याहून अधिक प्रवासी असल्याचेही समोर आले.

ड्राफ्टचे दुसरे अर्थकारण बंदराचे आहे. बंदरात जेवढे पाणी, तेवढेच मोठे जहाज. न्हावा-शेवा येथे गाळ उपसून सुमारे १५ मीटर ड्राफ्टची जहाजे घेता येतात. सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांना याहून अधिक पाणी लागते. त्यामुळे भारताचा बराच माल कोलंबो, सिंगापूर अशा बंदरांत एका जहाजातून दुसऱ्यात चढत आला आणि त्या चढ-उताराचा खर्च भारतीय निर्यातदाराच्या किमतीत मिसळत गेला. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाचे समर्थन किनाऱ्याजवळच्या सुमारे २० मीटर नैसर्गिक खोलीवर उभे आहे. स्थानिक मच्छीमारांचा विरोधही त्याच पाण्यासाठी आहे. ते पाणी त्यांच्या लेखी ड्राफ्ट नसून मासळीचे घर आहे.

दिल्लीपाशी हेच माप उलट्या टोकाने येते. २०१६ च्या कायद्याने यमुना राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ११० झाली. दिल्लीजवळच्या जगतपूरपासून प्रयागराजच्या संगमापर्यंत. मार्च २०२५ मध्ये सोनिया विहार ते जगतपूर या छोट्या टप्प्यावर पर्यटक नौका चालविण्यासाठी सामंजस्य करार झाला. नदीत प्रश्न ‘किमान उपलब्ध खोली’चा असतो. वर्षातील किती दिवस किती पाणी निश्चित मिळेल, यावर नौकेचा ड्राफ्ट ठरतो, ड्राफ्टवरून भार आणि भारावरून तिकीट. जलमार्ग घोषित होणे आणि जलमार्गावर पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘सरासरी’चा सागरी जन्म

वादळात जहाज वाचविण्यासाठी काही व्यापाऱ्यांचा माल समुद्रात फेकला. जहाज वाचले, इतरांचा मालही वाचला. मग ज्यांचा माल गेला त्यांनीच तोटा सोसायचा काय? भूमध्य समुद्रातील व्यापाऱ्यांनी फार प्राचीन काळी उत्तर दिले की सर्वांच्या रक्षणासाठी केलेला त्याग सर्वांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यावा. ऱ्होड्स बेटाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम रोमन कायद्यात आला आणि आजही जनरल ॲव्हरेज या नावाने चालू आहे. ॲव्हरेज हा शब्द मुळात खराब झालेल्या मालासाठीच्या अरबी शब्दावरून भूमध्य बंदरांत रुळला. नुकसानीची प्रमाणशीर वाटणी करता करता त्याला ‘सरासरी’ हा अर्थ चिकटला. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात विद्यार्थी ज्याला भेटतो तो ॲव्हरेज असा बुडत्या जहाजावरून आला आहे.

२३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवसांनी सुटले. त्यावर सुमारे १८ हजार कंटेनर होते. मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले. परिणामी ज्याचा माल सुखरूप होता त्यालाही हमी दिल्याशिवाय तो मिळेना. विमा असलेल्यांची हमी विमा कंपन्यांनी भरली. विमा न उतरविलेल्या छोट्या आयातदाराला ‘सागरी विमा कशाला’ या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मिळाले.

ध्वज कोणाचा, देणे कोणाचे

एव्हर गिव्हनचा मालक जपानी, चालविणारी कंपनी तैवानची, ध्वज पनामाचा आणि पंचवीसही कर्मचारी भारतीय. एल्सा-३ वर लायबेरियाचा ध्वज होता. ज्या देशात जहाज नोंदलेले, त्याचा ध्वज आणि त्याचाच कायदा जहाजावर चालतो. नोंदणी सोपी, कर हलका, तपासणी सौम्य असलेल्या देशांचा ध्वज घेण्याला ‘सोयीचा ध्वज’ म्हणतात. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे एसएस लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाले. त्या स्मरणार्थ १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. ते जहाज भारतीय मालकीचे होते, ध्वज मात्र साम्राज्याचाच होता. मालकी आणि ध्वज यांची फारकत नवी नाही, तेव्हा ती लादलेली होती, आता निवडलेली आहे.

ध्वज आणि परवाना यांमागे सत्ता असते हे कान्होजी आंग्रे यांनी ओळखले होते. आंग्र्यांचे दस्तक घेतलेले गलबत निर्धास्त जाई. न घेतलेले पकडले जाई. पोर्तुगीज आपल्या ‘कार्ताझ’द्वारे हेच करीत होते. इंग्रज मात्र आंग्र्यांच्या दस्तकाला चाचेगिरी म्हणत. शब्द कोणाचा चालणार, हे आरमार कोणाचे यावर अवलंबून होते.

परदेशी ध्वजाच्या जहाजाकडून भरपाई वसूल कशी करायची? मालक दूर, त्याची इथे मालमत्ता नाही. सागरी कायद्याचे उत्तर विलक्षण आहे. माणूस सापडत नसेल तर जहाजाला अटक करा. भारताच्या २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याने किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना हा अधिकार स्पष्टपणे दिला. केरळ सरकारने एल्सा-३ प्रकरणी ९,५३१ कोटी रुपयांचा दावा केला, तेव्हा बुडालेले जहाज अटकेला उपलब्ध नव्हते. न्यायालयाने त्याच समूहाचे विझिंजमला आलेले दुसरे जहाज अटकेत ठेवण्याचा आदेश दिला. समुद्रावर हे ‘भगिनी जहाज’ ठरते. एकीचे देणे दुसरीकडून. अशा दाव्यात खल चालतो तो मालकी खरोखर एकच आहे काय आणि दायित्वाची मर्यादा लागू होते काय, यावर.

दादरीतील एक कागद

शेवटचा शब्द बिल ऑफ लेडिंग. हा कागद एकाच वेळी तीन कामे करतो. माल मिळाल्याची पावती, वाहतूक कराराचा पुरावा आणि मालावरील हक्काचा दस्तऐवज. माल समुद्रात असतानाच हा कागद हस्तांतरित करून तो विकता येतो, तारण ठेवता येतो. पण त्यामागील नियमांत एक तरतूद दडली आहे. १९२५ च्या कायद्याने स्वीकारलेल्या हेग नियमांनुसार, कप्तान किंवा खलाशी यांच्या नौकानयनातील चुकीमुळे मालाचे नुकसान झाल्यास वाहतूकदार जबाबदार नसतो. ट्रकचालकाची चूक ट्रकमालकाच्या माथी येते. कप्तानाची चूक मालधन्याच्या. रेडिओ नसलेल्या काळात कप्तानावर मालकाचे नियंत्रण नव्हते, हे त्याचे समर्थन होते. उपग्रहाने क्षणाक्षणाला जहाज दिसते, तरी तरतूद टिकून आहे. हिच्या पुनर्विचाराला वाव आहे, एवढे नक्की.

दादरीच्या आगारात एखादा निर्यातदार कंटेनर सीलबंद करून देतो, तेव्हा त्याला मिळणाऱ्या कागदावर ‘वहनासाठी स्वीकारला’ असे लिहिलेले असते. ‘जहाजावर चढविला’ ही नोंद होते ती न्हावा-शेवा, मुंद्रा किंवा पिपावाव येथे, काही दिवसांनी. करार एफओबी असेल तर जोखीम माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते. २०१० पूर्वीच्या नियमांत ती जहाजाचा कठडा ओलांडताच जात असे. दरम्यान डबा रेल्वेत, यार्डात, क्रेनखाली असतो. त्याची विक्री झालेली असते, बँकेने बहुधा पैसे दिलेले नसतात आणि यार्डात मुदतीपलीकडे राहिल्यास भाडे चढू लागते. या काही दिवसांत तो डबा पाण्यात पडला, तर तोटा अजून दादरीतल्या त्या निर्यातदाराचाच असतो.